रेल्वेच्या जुन्या प्रवासपुस्तिकांचा संग्रह : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना : रेल्वेच्या जुन्या माहितीपत्रकांचा व जाहिरात-पुस्तिकांचा संग्रह हा सामान्यतः छंद मानला जातो. तथापि, कोणता कागद जपावा आणि कोणता रद्दीत जाऊ द्यावा हा निर्णय इतिहासलेखनाची साधनेच ठरवीत असतो. या दृष्टीने अशा संग्रहांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुस्तिकांचे स्वरूप : १९२७ मध्ये भारतीय रेल्वेचा मध्यवर्ती प्रसिद्धी विभाग स्थापन झाला. त्यानंतर रंगीत भित्तिपत्रके व सचित्र पुस्तिका मोठ्या प्रमाणावर निघू लागल्या. त्यांची भाषा प्रामुख्याने इंग्रजी होती आणि अपेक्षित वाचक होता परदेशी पर्यटक किंवा वरच्या वर्गाने प्रवास करणारा सधन मनुष्य. ताजमहाल, वाराणसीचे घाट, अजिंठ्याची लेणी, शिकार आणि थंड हवेची ठिकाणे हे त्यांचे नेहमीचे विषय. प्रवासी उत्पन्नाचा मोठा वाटा उचलणारा तिसऱ्या वर्गाचा उतारू मात्र या पानांवर वाचक म्हणून क्वचितच गृहीत धरलेला दिसतो. चित्रांची रेखीवता मान्य करूनही हे मौन नजरेआड करता येत नाही.

वर्ध्याचा संदर्भ : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वर्ध्यावरून जाऊन १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. या प्रदेशात रेल्वे आली ती निसर्गशोभेसाठी नव्हे. हिंगणघाटचा कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा ही तिची खरी कारणे होत. पुलगाव–आर्वी ही नॅरोगेज शाखाही कापसाच्याच मुलखातली. तिची छोटी गाडी आता धावत नाही. प्रेक्षणीय स्थळांच्या निकषावर रचलेल्या पुस्तिकेत अशा जिल्ह्याला जंक्शनापलीकडे स्थान मिळणे कठीण होते. म्हणून केवळ अशा पुस्तिकांचा संग्रह कितीही समृद्ध असला, तरी त्यातून वर्ध्याची रेल्वे उभी राहत नाही.

याच्या उलट बाजूला एक वेगळी पुस्तिका आहे. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये रेल्वेवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या हालांविषयी लिहिलेले लेखन लाहोरहून छोट्या पुस्तिकेच्या रूपाने निघाले. मुंबई–मद्रास प्रवासाचे १३ रुपये ९ आणे भाडे आणि २२ उतारूंसाठी असलेल्या डब्यातील गर्दी यांचा त्यात प्रत्यक्ष हिशेब आहे. हीही रेल्वेप्रवासाचीच पुस्तिका होय. परंतु चित्रसौंदर्य व दुर्मिळता हेच निकष मानणाऱ्या संग्राहकाच्या कपाटात तिला जागा मिळेलच असे नाही. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहावयास गेले, पुढे त्या गावाचे सेवाग्राम झाले, आणि वर्धा पूर्व या स्थानकालाही कालांतराने तेच नाव मिळाले. ज्या स्थानकाच्या नावातच हा इतिहास आहे, तेथील संग्रहात दोन्ही प्रकारच्या पुस्तिका शेजारी असणे अगत्याचे आहे.

संग्रहाची पद्धत : बाजारात किंमत ठरते ती मुखपृष्ठावर व कागदाच्या स्थितीवर. त्यामुळे पुस्तिकेतील चित्रे सुटी करून विकण्याचा मोह होतो. मग भाडे, वेळा, जाहिराती व मुद्रकाचे नाव ही मौल्यवान माहिती नाहीशी होते. फाटके वेळापत्रक, यात्रेच्या जादा गाड्यांचे मराठी हस्तपत्रक, मालाच्या पावत्या यांना मोल नसते. म्हणून त्या टिकत नाहीत. मूळ पुस्तिकेने ज्याला वगळले, त्यालाच संग्राहकही पुन्हा वगळतो.

निष्कर्ष : नागपूरच्या मोतीबाग येथे २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, इंजिने व डबे जपण्याची जाणीव त्यातून दिसते. कागदाबाबत तशीच जाणीव हवी. जिल्ह्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयांनी जुनी वेळापत्रके निर्लेखित करण्यापूर्वी त्यांची भाषा, वर्ष, मुद्रक, किंमत व मिळाल्याचे ठिकाण यांची नोंद करावी. सुंदर पुस्तिका जतन कराव्यातच. परंतु त्यांच्या शेजारी तिसऱ्या वर्गाचे तिकीटही ठेवावे. त्याविना हा संग्रह इतिहासाचे साधन न ठरता जुन्या जाहिरातीचीच पुनरावृत्ती ठरेल.