हेतू आणि परिणाम

कर्त्याचा हेतू आणि कृतीचा परिणाम यांत विरोध आला, तर समीक्षकाने प्रमाण कोणास मानावे? काल्पनिक प्राण्यांच्या झुंजी लावणाऱ्या ‘पोकेमॉन रेड’ व ‘पोकेमॉन ब्लू’ या १९९८ साली इंग्रजीत आलेल्या व्हिडिओ खेळांत या जुन्या प्रश्नाचे मोठे बोलके उदाहरण सापडते. त्यांतील ‘फोकस एनर्जी’ हा डाव मर्मभेदी प्रहाराची शक्यता वाढविण्यासाठी योजलेला; परंतु आज्ञावलीतील चुकीमुळे ती उलट एक-चतुर्थांशावर येते. शंभर टक्के अचूक म्हणविणारा प्रहारही २५६ वेळांत सरासरी एकदा हुकतो; कारण यंत्र ० ते २५५ यांतील एक अंक काढते, आणि २५५ निघाला की नेम चुकतो. नावावर विसंबणारा खेळाडू येथे हरतो. परिणाम पारखणारा तरतो. १९९९ च्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’मध्ये ‘फोकस एनर्जी’चा दोष सुधारला गेला; परंतु मूळ कृती जशी होती तशीच राहिली. मग हेतू निरर्थक ठरतो काय? तसेही नव्हे. हेतू ठाऊक नसता, तर दोषाला दोष तरी कशाच्या आधारे म्हटले असते? हेतूने दोष ओळखावा, मूल्य मात्र परिणामावरूनच ठरवावे. प्रस्तावना वाचून ग्रंथाचे मोल ठरविणाऱ्या आपणां समीक्षकांस एवढा बोध पुरेसा आहे.