फाल्स्टाफची दुपार आणि रात्र

एका दिवसांत दोन नाटकें पाहणें हा रसिकतेचा अतिरेक होय, असें जाणत्या मंडळींचें मत आहे. आणि पुष्कळ अंशीं तें खरेंहि आहे. एका रसाचा परिणाम मनावर ठरतो न ठरतो तोंच त्यावर दुसरा ओतला, तर दोन्ही नासतात. परंतु शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ या नाटकाचे दोन भाग या नियमास अपवाद आहेत. इतकेंच नव्हे, तर ते एकाच दिवशीं पाहिल्यावांचून त्यांविषयींच्या मुख्य वादाचा न्याय्य निकाल लागत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

ही प्रथा कवीच्या काळची आहे असें मानण्यास आधार नाहीं. पहिला भाग १५९८ सालीं छापला गेला व दुसरा १६०० सालीं. जोडप्रयोगाची आवड अर्वाचीन आहे. स्ट्रॅटफर्डचें जुनें स्मारक-नाट्यगृह १९२६ सालीं जळालें. नवें २३ एप्रिल १९३२ रोजीं उघडलें, तेव्हां दुपारीं पहिला भाग व सायंकाळीं दुसरा असा बेत होता. १९४५ सालीं लंडनच्या ओल्ड व्हिक मंडळीनें दोन्ही भाग रंगभूमीवर आणले. १९८२ सालीं त्याच शहरांतील बार्बिकन नाट्यगृहाचा प्रारंभहि रॉयल शेक्सपिअर कंपनीनें याच जोडीनें केला. प्रत्येक भाग सुमारें तीन तासांचा. एके काळीं रात्र-रात्र संगीत नाटकें ऐकणाऱ्या महाराष्ट्रास त्याचें भय वाटण्याचें कारण नाहीं.

कथानक थोडक्यांत असें. युवराज हॅल राजवाडा सोडून ईस्टचीपच्या दारूच्या गुत्त्यांत सर जॉन फाल्स्टाफ या लठ्ठ, वृद्ध व लबाड सरदाराच्या संगतींत रमतो. पहिल्या भागाच्या अखेरीस तो श्रूझबरीच्या रणांत बंडखोर वीर हॉट्स्पर यास ठार मारून आपलें क्षात्रतेज सिद्ध करतो. दुसऱ्याच्या अखेरीस बाप मरतो, हॅल राजा होतो, आणि मोठ्या आशेनें धांवत आलेल्या फाल्स्टाफची ओळख भर रस्त्यांत नाकारतो. निर्वाहाची सोय तो करतो खरी. परंतु दहा मैलांच्या आंत फिरकूं नको, असेंहि बजावतो.

या झिडकारण्यावरच टीकाकारांचें रण माजलें. मॉरिस मॉर्गन यांनीं १७७७ सालीं फाल्स्टाफ भ्याड नाहीं असें प्रतिपादन केलें होतें. ब्रॅडली यांनीं पुढें म्हटलें कीं, कवीनें त्यास इतका मोहक केला कीं शेवटच्या दृश्याचा इष्ट परिणाम साधतच नाहीं. उलट डोव्हर विल्सन यांनीं १९४३ सालीं युवराजाची बाजू घेतली व दोन्ही भाग मिळून एकच नाटक होतें असें ठरविलें. पक्ष निरनिराळे असले तरी त्यांचा बहुतेक युक्तिवाद पुस्तकाच्या पानांवर उभा आहे. वाचकास पान मागें उलटतां येतें. प्रेक्षकास स्मरणावरच विसंबावें लागतें, आणि स्मरण मोठें पक्षपाती असतें. दोन प्रयोगांत महिन्याचें अंतर पडलें कीं फाल्स्टाफचा विनोद तेवढा ध्यानांत राहतो आणि त्याचें कृत्य विरून जातें.

तें कृत्य कोणतें? पहिल्या भागांत सैन्यभरती करतांना, पैसे देऊन सुटूं पाहणाऱ्यांस तो सोडतो आणि दरिद्री, फाटक्या माणसांस रणांत नेतो. त्या दीडशांपैकीं तिघेहि जिवंत राहिले नाहींत, हें तो स्वतःच सांगतो. परंतु हीं माणसें रंगभूमीवर येत नाहींत. त्यांचें वर्णन तेवढें आपण त्याच्या तोंडून ऐकतों, आणि ज्यांस चेहरा नाहीं त्यांच्या मरणास सहज हंसतों. दुसऱ्या भागांत तोच धंदा तो ग्लॉस्टरशायरमध्यें शॅलो न्यायाधिशाच्या घरीं पुन्हां मांडतो. आतां मात्र मोल्डी, बुलकाफ, शॅडो, वॉर्ट, फीबल हीं माणसें आपापल्या नांवांनिशीं समोर उभीं राहतात. मोल्डी व बुलकाफ लांच देऊन सुटतात. फीबल, एक बायकांचे कपडे शिवणारा शिंपी, न कुरकुरतां मरणास तयार होतो. दुपारीं ज्या थट्टेस आपण टाळ्या दिल्या, तिचा हिशेब रात्रीं चेहऱ्यानिशीं पुढें येतो. अंतर चार-पांच तासांचेंच असेल, तर तो चुकवितां येत नाहीं.

गुत्त्यांतील सोंगाच्या प्रवेशाचेंहि तसेंच. हॅल बापाची भूमिका घेतो आणि फाल्स्टाफला हांकलण्याची गोष्ट थट्टेच्या भरांत पण निःसंदिग्ध शब्दांत बोलतो. हे शब्द दुपारीं कानीं पडलेल्या प्रेक्षकास रात्रीचें दृश्य ही अवचित कृतघ्नता वाटत नाहीं; तहकूब ठेवलेल्या खटल्याचा तो निकाल वाटतो.

मग युवराज निर्दोष सुटतो काय? मुळींच नाहीं. दुसऱ्या भागांतील फाल्स्टाफ खरोखर म्हातारा झाला आहे. वैद्य आपल्या प्रकृतीविषयीं काय म्हणाला, अशी चौकशी करीतच तो प्रवेश करतो. त्याच्या सहवासांत आपणहि दिवसभर बसून थकलेले असतों, आणि तो थकवा जिव्हाळ्याचाच एक प्रकार होतो. म्हणून निकाल न्याय्य वाटतो आणि असह्यहि वाटतो. ब्रॅडली ज्यास नेम चुकणें म्हणतात, तोच कवीचा नेम होता, असें आम्ही म्हणूं.

येथें आपल्या तळीरामाची आठवण होते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) मध्यें नायकच दारूंत बुडत जातो. त्यामुळें हंसविणाऱ्या सोबत्यास झिडकारण्याचा प्रसंग नाटकाचें मर्म होत नाहीं. शेक्सपिअरचा नायक वर चढतो, आणि पायरी म्हणून कोणाच्या खांद्यावर पाय दिला, हा प्रश्न प्रेक्षकाच्या माथीं मारतो.

जोडप्रयोगानें एक दोष मात्र उघडा पडतो. बापलेकांचा समेट एकदां दुपारीं होतो आणि रात्रीं पुन्हां पहिल्यापासून करावा लागतो. ही पुनरुक्ति लपत नाहीं. परंतु त्याची भरपाईहि होते. हॉट्स्परची विधवा दुसऱ्या भागांत आपल्या सासऱ्यास, मुलगा संकटांत असतां तुम्ही गेलां नाहीं, म्हणून बोल लावते, तेव्हां तो वीर आपल्या डोळ्यांपुढें नुकताच पडलेला असतो. ओल्ड व्हिकच्या प्रयोगांत राल्फ रिचर्डसन फाल्स्टाफ होते, आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांनीं पहिल्या भागांत हॉट्स्परची व दुसऱ्यांत बडबड्या शॅलोची भूमिका केली. एकाच नटाच्या देहांत तारुण्याचा अंत आणि वार्धक्याची वटवट पाहणें हें कोणत्याहि टीकाग्रंथाहून बोलकें भाष्य होय.

तात्पर्य, आमच्या नाटकमंडळ्यांनीं हा ग्रंथ हातीं घेतला तर पहिलाच भाग करून थांबूं नये. तो अधिक हंसवितो, म्हणून तोच खपेल, हा हिशेब व्यापाराचा आहे. हंसण्याची किंमत दुसऱ्या भागांत मोजली जाते, आणि ती त्याच दिवशीं मोजलेली बरी.