देशी बुद्धिबळाची निवृत्ती आणि खेळाडूंचा प्रतिसाद : एक चिकित्सा

प्रस्तावना :

एखाद्या खेळाचा एखादा प्रकार बंद होतो, तेव्हा इतिहासात नोंद होते ती संयोजकांच्या निर्णयाची. तो प्रकार खेळणाऱ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. संगणकीय खेळांच्या संदर्भात मात्र तो अलीकडे ठळकपणे पुढे आला आहे. 'लीग ऑफ लेजंड्स' या ऑनलाइन खेळातील 'डोमिनियन' हा प्रकार सप्टेंबर २०११ मध्ये सुरू झाला आणि २२ फेब्रुवारी २०१६ रोजी रायट गेम्स या कंपनीने तो बंद केला. खेळणारे फार थोडे उरले आहेत, हे कारण देण्यात आले. उरलेल्या खेळाडूंचा आक्षेप असा होता की, कंपनीनेच त्या प्रकाराकडे दुर्लक्ष केल्यामुळे खेळणारे घटले आणि ती घट मग बंद करण्याचा आधार ठरली.

हा आक्षेप केवळ संगणकीय खेळापुरता मर्यादित नाही. ज्या सांगली जिल्ह्यात पलूस तालुका येतो, त्या जिल्ह्याला बुद्धिबळाची मोठी परंपरा आहे. सांगली येथे भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळाची स्थापना केली. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे यांसारख्या खेळाडूंची नावे याच भूमीशी निगडित आहेत. परंतु या अभिमानास्पद परंपरेचे वर्णन करताना एक गोष्ट सहसा वगळली जाते. आज जे बुद्धिबळ खेळले जाते, त्याच्या आधी याच पटावर, याच सोंगट्यांनी, वेगळ्या नियमांचा देशी डाव खेळला जात असे.

देशी डावाचे स्वरूप :

देशी पद्धतीत प्यादे सर्वसाधारणपणे एकच घर पुढे सरकत असे. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदाच घोड्याप्रमाणे अडीच घरे जाण्याची मुभा होती. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे ज्या सोंगटीच्या घरात पोहोचले, त्या सोंगटीचे रूप घेई. म्हणजे हत्तीच्या घरातले प्यादे हत्तीच होणार, त्याचा वजीर करता येत नसे. प्रांतागणिक या नियमांत फरक होते. एच. जे. आर. मरे यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात अशा अनेक भेदांची नोंद केली आहे.

तथापि देशी डावाचे खरे वैशिष्ट्य चालींपेक्षा निकालाच्या कल्पनेत आहे. प्रतिपक्षाच्या राजाखेरीज पटावर काहीही उरले नाही तर ती 'बुर्जी' होय आणि बुर्जी म्हणजे निर्भेळ विजय नव्हे. वरचढ खेळाडूला म्हणूनच प्रतिपक्षाची फौज सरसकट कापून चालत नसे. एखादी सोंगटी जिवंत ठेवून, तिचा उपद्रव सोसून मात करावी लागे. प्यादेमात, म्हणजे प्याद्याकरवी केलेली मात, ही विशेष मानाची समजली जाई. जिंकले की नाही यासोबतच कसे जिंकले यालाही येथे मोल होते. एका अर्थी हा रसिकांच्या बैठकीचा खेळ होता. पाहणाऱ्यांची दाद हा त्यातील निकालाचाच एक भाग होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

देशी डाव संथ होता, नियमांत एकवाक्यता नव्हती, म्हणून तो मागे पडला, असे सामान्यतः सांगितले जाते. यातील एकवाक्यतेचा मुद्दा खरा आहे. सांगलीचा आणि कलकत्त्याचा खेळाडू एका पटावर बसायचे तर कोणाचे नियम मानायचे? परंतु संथपणाचे कारण तपासून पाहावे लागते. स्पर्धेच्या गुणतक्त्यात एक, अर्धा आणि शून्य एवढीच घरे असतात. मातेची प्रतवारी त्यात बसत नाही. देशी डाव खेळण्यास कंटाळवाणा होता, यापेक्षा तो मोजण्यास गैरसोयीचा होता, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनी झाली आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. त्यानंतर देशी डावावर कोणी बंदी घातली नाही. त्याला स्पर्धेत जागा उरली नाही, इतकेच.

खेळाडूंचा प्रतिसाद :

या निवृत्तीविरुद्ध संघटित निषेध झाल्याचे प्रसिद्ध इतिहासात आढळत नाही. यावरून खेळाडूंनी ती आनंदाने स्वीकारली असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. बैठकीत खेळणाऱ्यांपाशी निषेध नोंदवण्याचे साधन नव्हते; डाव लिहून ठेवण्याची रीतही सार्वत्रिक नव्हती. त्यांचा प्रतिसाद शोधायचा तर तो त्यांच्या चालींत शोधावा लागतो.

१८५० च्या दशकात कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या स्कॉटिश वकिलाशी मोहेशचंद्र बॅनर्जी खेळत असत. ते युरोपीय नियमांनी खेळत, पण त्यांची वृत्ती देशी राहिली. प्यादी एकेक घर सरकवायची, उंट बाजूच्या घरातून लांबवर रोखायचा, मधला पट प्रतिपक्षाला घेऊ द्यायचा आणि मग त्यावर घाव घालायचा. पुढे ज्यांना 'इंडियन' बचाव असे नाव पडले, त्यांची पूर्वचिन्हे या डावांत दिसतात. मीर सुलतान खान यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. देशी डावात वाढलेल्या या खेळाडूने १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले आणि हेस्टिंग्ज येथील १९३०-३१ च्या स्पर्धेत कापाब्लांका यांना हरविले. प्रारंभीच्या चालींत ते कच्चे, अंत्यखेळात मात्र विलक्षण भक्कम, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. या कच्चेपणाची गणना उणीव म्हणून होते. दुसऱ्या नियमांत घडलेल्या बुद्धीचा तो ठसा आहे, याकडे दुर्लक्ष होते. फिडेने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी.

प्रतिसादाचा दुसरा पुरावा भाषेत आहे. नियम गेले, नावे राहिली. इंग्रजीतील 'क्वीन' मराठीत आजही वजीर आहे, 'बिशप' उंट आहे, 'रूक' हत्ती आहे. मराठी वृत्तपत्रांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धांची वार्तापत्रे याच शब्दांत छापली आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. 'बुर्जी' हा शब्द मात्र मागे पडला, कारण त्याला अर्थ देणारा नियमच उरला नाही.

येथे कुस्तीशी तुलना उद्बोधक ठरते. गादीवरची कुस्ती आली तरी मातीवरची संपली नाही. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन्ही विभाग ठेवण्यात आले. पलूस तालुक्यातीलच कुंडलच्या मैदानासारखी मैदाने, गावोगावच्या जत्रा आणि त्यांना लाभणारा लोकाश्रय हा मातीच्या कुस्तीचा आधार होता. संघटनेला ती डावलणे शक्य नव्हते. देशी बुद्धिबळाला जत्रा नव्हती. वाड्याची ओसरी आणि देवळाचा पार हे त्याचे आखाडे. तेथे जमणारी माणसे पांगली, तेव्हा दाद मागायला कोणी उरले नाही.

'डोमिनियन'चा खेळाडू कंपनीने सर्व्हर बंद केल्यावर खेळूच शकत नाही. देशी डाव तसा कोणालाही बंद करता येणार नाही. पट घरात आहे, नियम ठाऊक असतील तर आजही मांडता येईल. अडचण आहे ती समोर बसणाऱ्याची. तरुण मुलगा क्लबमध्ये आंतरराष्ट्रीय नियम शिकून येतो आणि आजोबांच्या एक घर सरकणाऱ्या प्याद्याला चूक म्हणतो. आजोबा एकदा-दोनदा समजावतात, नंतर त्याच्या नियमांनी खेळू लागतात. नियमपुस्तकाने बदलला नाही असा डाव नातवाशी खेळण्याच्या ओढीने बदलतो. यालाच इतिहासकार 'स्वीकार' असे नाव देतात.

१८१४ मध्ये मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. मूळ संस्कृत कूटे युरोपीय खेळपद्धतीशी जुळवून दिली आहेत, असे त्याच्या शीर्षकातच नमूद होते. म्हणजे जुळवून घेण्याची ही प्रक्रिया महासंघाच्या स्थापनेपूर्वी १३७ वर्षे सुरू झालेली होती. जुळवून घेताना त्या कूटांतील कोणती सौंदर्यस्थळे गळाली, याचा तौलनिक अभ्यास सांगली परिसरातील महाविद्यालयांच्या संस्कृत, मराठी आणि शारीरिक शिक्षण विभागांना एकत्रितपणे हाती घेता येण्याजोगा आहे. देशी नियमांनी खेळलेली वयोवृद्ध माणसे या भागात आहेत तोवर त्यांच्याकडून गावोगावचे नियमभेद लिहून घेणे, ही त्यातील सर्वांत निकडीची बाब होय.