बोन्साय : रूपक आणि वास्तव

प्रस्तावना
मराठी लेखनात व बोलण्यात ‘बोन्साय’ हा शब्द बहुधा दूषण म्हणून येतो. ज्याची वाढ कुणी हेतुपुरस्सर रोखली आहे, अशी व्यक्ती किंवा संस्था ‘बोन्साय’ ठरवली जाते. हे रूपक इतके रूढ झाले आहे की, मूळ कलेचे स्वतंत्र मूल्यमापन करण्याची गरज सहसा भासत नाही. प्रस्तुत लेखात काही असाधारण बोन्साय वृक्षांच्या आधारे या रूपकाची तपासणी केली आहे.

घडणीचे स्वरूप
‘बोन’ म्हणजे उथळ पात्र आणि ‘साय’ म्हणजे लागवड. चीनमधील कुंडीतील निसर्गदृश्यांची परंपरा जपानमध्ये गेली व तेथे तिला आजचे रूप लाभले. बोन्साय ही वृक्षाची वेगळी खुजी जात नव्हे. त्याचे बी जमिनीत रुजवले, तर त्यापासून नेहमीसारखा वृक्ष वाढू शकतो. ठरावीक वर्षांनी मुळे छाटून माती बदलली जाते. त्यामुळे नवी तंतुमुळे फुटतात व जुने झाड ताजे राहते. फांदीला वळण देण्यासाठी गुंडाळलेली तार सालीत रुतण्यापूर्वी काढावी लागते. पाणी व खत यांत कुचराई चालत नाही. वाढ पूर्णपणे थांबली, तर झाडच मरते. या कलेत वाढीला दिशा दिली जाते, हे यावरून स्पष्ट होते.

‘गोशिन’ : कुटुंबाचे वन
अमेरिकेत जन्मलेले जॉन नाका (१९१४–२००४) यांनी १९४८ मध्ये दोन जुनिपर वृक्षांपासून ‘गोशिन’ची सुरुवात केली. नातवंडांच्या संख्येबरोबर वृक्षही वाढत गेले व अखेर एका पात्रात अकरा वृक्षांचे वन उभे राहिले. प्रत्येक वृक्ष एका नातवंडाचे प्रतीक आहे. १९८४ मध्ये हे वन वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानाच्या संग्रहासाठी दिले गेले. उंच, सरळ खोडांचे शुष्क शेंडे आणि त्याखालील दाट हिरवाई यांमुळे लहानशा पात्रात पुरातन अरण्याचा भास होतो. येथे कलाकृतीचा विस्तार कुटुंबाच्या विस्ताराशी जोडलेला आहे. खुंटलेपणाच्या रूपकात ही कृती मुळीच बसत नाही.

किमुरा : हाताची मर्यादा
मासाहिको किमुरा (जन्म १९४०) यांची कृती मात्र प्रश्न उभा करते. जुनिपरचे मृत लाकूड यंत्राने कोरून त्यांनी ज्वाळांसारखे, भोवऱ्यांसारखे आकार निर्माण केले. मृत फांदीला ‘जिन’ व साल गेलेल्या खोडाच्या भागाला ‘शारी’ म्हणतात. त्या शुभ्र सांगाड्यालगत मुळांपासून पानांपर्यंत जाणारी जिवंत सालीची पट्टी अखंड राहणे आवश्यक असते. किमुरांचे कौशल्य निर्विवाद आहे. तथापि, त्यांच्या काही कृतींत वृक्षापेक्षा शिल्पकार अधिक दिसतो. चकित करणे आणि पटणे यांत अंतर असते. वैचित्र्य हे स्वतःच मूल्य ठरू शकत नाही, याचे भान समीक्षेने राखले पाहिजे.

यामाकी पाइन : न दिसणारा इतिहास
याच्या दुसऱ्या टोकाला यामाकी कुटुंबाचा पाइन आहे. १६२५ पासून जोपासला गेलेला हा वृक्ष ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमात, अणुस्फोटाच्या केंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरवर होता. भिंतीच्या आडोशामुळे तो वाचला. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला; परंतु त्याची ही कथा २००१ मध्ये त्यांचे नातू वॉशिंग्टनला आले, तेव्हाच तेथे कळली. मधली पंचवीस वर्षे तेथील माळ्यांनी, त्याने काय सोसले हे न जाणता त्याला पाणी घातले. एवढा मोठा आघात या वृक्षाच्या रूपात कोठेही मिरवलेला नाही. त्याचे सौंदर्य या संयमात आहे.

समारोप
वृक्षाची संमती कुणी विचारत नाही, हा आक्षेप पूर्णतः खोडता येत नाही. मात्र बोन्साय घडवणारा स्वतःही त्या झाडाशी बांधला जातो. एक उन्हाळी दिवस दुर्लक्षाचा गेला, तरी अनेक पिढ्यांचे श्रम वाया जाऊ शकतात. रूढ रूपकात छाटणी आहे, ही बांधिलकी नाही. ज्या संस्थेची मुळे छाटली जातात, पण जिला रोज पाणी घालणारा कुणी नसतो, तिला ‘बोन्साय’ म्हणणे हा बोन्सायवर अन्याय आहे.