दिसलं नाही तरी चालेल

राणीच्या बागेत वाघ-बिबट्यांसमोर गजांऐवजी काच आली, तेव्हा आपण ‘किती नॅचरल!’ म्हणत रील टाकल्या. पण हे नॅचरल नक्की कुणासाठी?

पिंजरा हीसुद्धा एक रचना आहे, म्हणून तिचीही समीक्षा व्हायला हवी. १९०७ मध्ये कार्ल हागेनबेकने हँबुर्गजवळ गज काढून खंदक खणले. प्राणी मोकळे झाले नाहीत, मोकळे दिसू लागले. खडक, कडे सगळं प्रेक्षकाच्या नजरेसाठी मांडलेलं होतं.

वाघाच्या बाबतीत हे एक वेळ खपून जातं. वाघाटीच्या बाबतीत नाही. जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी ही एक. वजन जेमतेम दीड किलो, आणि भारत, नेपाळ, श्रीलंका सोडून कुठेच नाही. पुणे जिल्ह्यात ऊसतोडणीच्या वेळी तिची पिल्लं फडात सापडतात. तिची शिकारही लपून आणि बचावही लपून.

वाघाटीच्या जवळच्या नात्यातल्या बिबट-मांजरांवरचा कॅथी कार्लस्टेड आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या मार्जारांच्या शेजारी, ओक्याबोक्या पिंजऱ्यात ठेवल्यावर या मांजरांच्या लघवीतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढलं. फांद्या आणि लपायला जागा दिल्यावर ते उतरलं, येरझाऱ्याही कमी झाल्या.

सॉफ्टवेअर लिहिताना आमचा पहिला प्रश्न असतो, युजर कोण? इथे तिकीट आपण काढतो, म्हणून युजर आपणच ठरतो. चोवीस तास राहायचं असतं ते मांजराला. भिंतीवर रंगवलेलं जंगल आणि सिमेंटचा ओंडका तिच्या काय कामाचे? तिला हवी दाट झुडपं, उंचावर आडव्या फांद्या, एकाहून जास्त ढोल्या, वाघ-बिबट्यांपासून अंतर, आणि माणसं फक्त एका बाजूला.

आमच्या पालघर जिल्ह्यात वारली माणूस लाकडावर किंवा दगडावर वाघोबा कोरतो, सोबत चंद्र-सूर्य. वाघबारशीला त्याची पूजा होते. वाघानं समोर येऊन दर्शन द्यावं म्हणून नव्हे, तर त्यानं माणसाला, गुराढोरांना न दुखावता आपल्या वाटेनं जावं म्हणून. न दिसणाऱ्या प्राण्याचाही मान ठेवता येतो, हे इथं जुनंच शहाणपण आहे.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. वाघाटीच्या घरासमोर दहा मिनिटं उभं राहूनही ती दिसली नाही, तर आधी रचनाकाराला दाद द्या. आणि काचेवर टकटक करू नका.