नावेतून आलेला माणूस

जॉन बन्यनच्या ‘द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चा शेवट गोड आहे असं आपल्याला वाटतं, कारण शेवटचा परिच्छेद आपण विसरतो. १६७८ साली आलेल्या या रूपककथेचा नायक ख्रिश्चन पाठीवर ओझं घेऊन घर सोडतो आणि नाना संकटांतून स्वर्गनगरीत पोहोचतो. कर्णे वाजतात, स्वागत होतं. पुस्तक इथे संपायला हरकत नव्हती. पण बन्यन मागे वळून पाहतो. त्याच दाराशी इग्नोरन्स, म्हणजे अज्ञान नावाचा माणूस येतो. त्याच्याकडे दाखला मागतात. तो अंगरखा चाचपतो, काही सापडत नाही. हातपाय बांधून त्याला नरकात टाकतात.

त्याहून मोठा धक्का त्याच्या जरा आधी बसतो. नगरीपुढे नदी आहे, म्हणजे मृत्यू. तिला पूल नाही. ख्रिश्चन पाण्यात उतरतो आणि बुडायला लागतो. आपण पलीकडे जाणार नाही, अशीच त्याची समजूत होते. इग्नोरन्सला मात्र नावाडी भेटतो आणि तो आरामात पार होतो. नावाड्याचं नाव व्हेन-होप, फोल आशा. शेवटपर्यंत धास्तावलेला माणूस आत जातो आणि कधीच न डगमगलेला बाहेर राहतो.

मग ख्रिस्ती माणसाला आपल्या तारणाची खात्री असू शकते का? ट्रेंटच्या परिषदेत १५४७ साली कॅथलिक चर्चने सांगितलं की, आपल्यावर कृपा झाली आहे हे कुणालाही अचूकपणे कळू शकत नाही. प्युरिटनांचं म्हणणं वेगळं होतं, खात्री मिळू शकते. पण १६४६च्या वेस्टमिन्स्टर जाहीरनाम्यात त्यांनीही कबूल केलं की, खऱ्या श्रद्धावंताला ती उशिरा मिळू शकते आणि मिळालेली डळमळू शकते.

बन्यन ही डळमळ जगला होता. हा भांडी दुरुस्त करणारा माणूस. परवान्याविना प्रवचन केल्याबद्दल १६६० पासून बारा वर्षं बेडफर्डच्या तुरुंगात होता. १६६६च्या ‘ग्रेस अबाउंडिंग’ या आत्मकथनात तो सांगतो की, ख्रिस्ताला विकून टाक असा आवाज त्याच्या डोक्यात घुमायचा. एकदा थकून तो मनातल्या मनात हो म्हणाला. मग एका जेवणासाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकणारा बायबलमधला एसाव त्याचा पिच्छा सोडेना. एक वचन कृपा पुरेशी आहे म्हणायचं, दुसरं आता परतीची वाट नाही म्हणायचं.

म्हणून ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’मधली गुंडाळी मला महत्त्वाची वाटते. क्रूसापाशी ख्रिश्चनला ती मिळते. टेकडीवर त्याला झोप लागते, ती हातातून पडते आणि तो रडत मागे शोधायला जातो. टेकडीवर ही गुंडाळी म्हणजे मनाचा दिलासा आहे. दारात मात्र ती प्रवेशाचा दाखला होते. ही सरमिसळ बन्यनला निस्तरता येत नाही. दिलासा हाच दाखला असेल, तर नदीत तो गमावून बसलेला माणूस आत कसा जातो? लॉगिनचं टोकन आणि ‘आपलं खातं सुरक्षित आहे’ हे समाधान, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रूपक जिथे फाटतं, तिथे गोष्ट उत्तर देते. बुडणाऱ्या ख्रिश्चनचं डोकं पाण्यावर धरणारा होपफुल, म्हणजे आशावान, त्याला सांगतो की माझे पाय तळाला लागलेत. ‘संशयाच्या किल्ल्यात’ ख्रिश्चनच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, तेव्हाही त्याला थोपवतो तो होपफुलच. खात्री ख्रिश्चनच्या छातीत नसते तेव्हा ती सोबत्याच्या तोंडी असते. इग्नोरन्सला एकट्यानं चालायला आवडतं, त्याला असं सांगणारं कुणी नाही.

पण इथेच बन्यनशी माझं भांडण आहे. हा माणूस प्रार्थना करतो, दान देतो, कुणाचं देणं ठेवत नाही. ख्रिश्चन आणि होपफुल त्याच्याशी दोनदा वाद घालतात आणि त्याला मागे टाकून पुढे निघून जातात. सोबतीनं तरलेल्यांनी दुसऱ्याला सोबत नाकारली, हे पुस्तकाला खुपत नाही. माझ्या मते एसावाची भीती बन्यनने स्वतःच्या मनातून काढून इग्नोरन्सच्या पाठीवर लादली.

सहा वर्षांनी, १६८४ साली आलेल्या दुसऱ्या भागात वाट तीच आहे, पण या वेळी ख्रिश्चनची बायको क्रिस्तियाना मुलाबाळांसह, मोठ्या घोळक्यात चालते. लंगडे, खचलेले, घाबरट, सगळे त्यात सामावतात. एका मिस्टर फिअरिंगची हकिगत येते. आपला स्वीकार होईल का, या धास्तीतच त्याचा जन्म गेला. तो नदीपाशी आला, तेव्हा पाणी इतकं उतरलेलं होतं की त्याची जेमतेम पावलं भिजली.

इग्नोरन्ससाठी मात्र बन्यनने पाणी कधीच उतरवलं नाही.