जो प्रवास झालाच नाही, त्याचे गुण कुठे मांडायचे?

'आजचा प्रवास कसा झाला?' असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? ठीक, वैताग, नेहमीचंच. या 'नेहमीचंच'ला आकड्यात बसवण्यासाठी वाहतुकीच्या अभ्यासकांकडे एक मोजपट्टी आहे. २०११ साली डिक एटेमा आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. नाव 'सॅटिस्फॅक्शन विथ ट्रॅव्हल स्केल'. त्यात नऊ प्रश्न असतात. घाई वाटली की निवांत, कंटाळा आला की उत्साह वाटला, अशा जोड्या, आणि प्रत्येक जोडीला उणे चार ते अधिक चार गुण. मला ही पट्टी आवडते. त्याआधी आमच्या क्षेत्रात प्रवासी म्हणजे मिनिटं आणि तिकिटाचे पैसे एवढंच मोजलं जायचं. माणसाला विचारावं, हेच मोठं पाऊल होतं.

पण ती कुवेतमधल्या खैरानला घेऊन जाऊन बघा.

खैरान देशाच्या दक्षिण टोकाला, सौदी सीमेच्या अलीकडे आहे. कुवेत शहरापासून साधारण नव्वद-शंभर किलोमीटर. वाळवंटात कालवे खणून समुद्राचं पाणी आत आणलं आणि त्याच्या काठाने घरं आणि शॅले उभी केली. सबाह अल-अहमद सी सिटी ती हीच. नकाशा पाहिलात तर कालव्यांच्या फांद्याच फांद्या दिसतील. समोरच्या काठावरचं घर हाकेच्या अंतरावर, पण चालत जायचं तर पाण्याला वळसा घालून जायचं. हे गाव कारसाठी आणि बोटीसाठी आखलंय. शहरातलं कुटुंब सुट्टीला गाडी काढून इथे येतं. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल ८५ फिल्स लिटर, रस्ता सरळ, गाडीत एसी. त्यांना नऊ प्रश्न विचारा, गुण चांगलेच येतील, आणि ते खोटेही नसतील.

त्याच गाडीच्या स्टिअरिंगवर पुष्कळदा पगारी ड्रायव्हर असतो. मागे मुलांना सांभाळणारी बाई असते. शॅलेवर राखणदार असतो, बागेला पाणी घालणारा असतो. कोकणातल्या कित्येक घरांतलं कुणी ना कुणी आखातात आहे, त्यामुळे ही माणसं आपल्याला अनोळखी नाहीत. ती प्रवास करतात, पण तो बहुतेक दुसऱ्याचा असतो. त्यांचा स्वतःचा प्रवास कोणता? बँकेत जाणं, घरी पैसे पाठवणं, गावच्या माणसाला भेटणं, दात दुखतोय म्हणून डॉक्टरकडे जाणं. फहाहीलला गेलं तर यातलं बरंचसं होतं. पण फहाहील पन्नासहून जास्त किलोमीटर लांब.

मग गाडी शिकावी, लायसन्स काढावं? २०१४च्या नियमाने परदेशी माणसाला लायसन्स हवं असेल तर दोन वर्षांचा निवास, विद्यापीठाची पदवी आणि महिना ६०० दिनार पगार लागायचा. काही व्यवसायांना सूट होती. ड्रायव्हरला लायसन्स मिळतं ते ड्रायव्हर म्हणून. काम बदललं की ते जाऊ शकतं. म्हणजे रस्त्यावरचा हक्क पगारपत्रकाला बांधलेला. कारण सांगितलं जातं ते वाहतूक कोंडीचं. कोंडी खरी आहे, पण ती कमी करताना आधी कुणाला रस्त्यावरून उतरवायचं हे पगार बघून ठरवलं, याला वाहतूक नियोजन म्हणणं मला जड जातं. मेट्रोची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे, मेट्रो अजून नाही.

२०१५च्या ६८ क्रमांकाच्या कायद्याने घरकामगारांना आठवड्याची पगारी सुट्टी दिली. चांगला कायदा आहे. पण खैरानमध्ये सुट्टी मिळून जायचं कुठे आणि कसं? मालकाने सोडलं तर, टॅक्सीचे पैसे परवडले तर. शिवाय ऊन. जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. उन्हात गाडीची वाट बघण्यावर अर्थातच नाही.

आता मोजपट्टीचं बघा. ती झालेल्या प्रवासाला गुण देते. जो झालाच नाही त्याला उणे चारसुद्धा मिळत नाहीत, तो कागदावरच येत नाही. आणि जो कधीमधी होतो, त्याला भरभरून गुण मिळतात. महिन्यातून एकदा फहाहीलला जायला मिळालेला माणस तक्रार कशाला करेल? अमर्त्य सेन यांनी फार पूर्वी दाखवलंय की वंचित माणूस आपल्या इच्छाच परिस्थितीच्या मापाच्या करून घेतो. समाधानाचे आकडे वाचताना आम्ही हे तळटीपेत टाकतो आणि पुढे सरकतो.

हे फक्त कुवेतचं नाही. युरोपातल्या अभ्यासांत पायी जाणारे सहसा सगळ्यात समाधानी निघतात. मे २०२५मध्ये मुंबईत बेस्टचं साध्या बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं. त्यानंतर दोन स्टॉप चालत जायला लागलेली बाई सर्वेक्षणात 'पादचारी' म्हणून नोंदली जाईल. हौसेने चालणाऱ्यांच्याच रकान्यात.

कारेल मार्टेन्स यांचं २०१६चं 'ट्रान्सपोर्ट जस्टिस' यावर उतारा म्हणून सांगितलं जातं. प्रवास कसा वाटला यापेक्षा माणूस कुठवर पोचू शकतो हे आधी बघा, आणि पुरेसं पोचता न येणाऱ्यांपासून सुरुवात करा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, पण खैरानला तेही थोडं अपुरं पडतं. पोच मोजताना आपण अंतर, वेळ, भाडं धरतो. इथे मधे परवानगी आहे: सरकारची आणि घरमालकाची. एकाच शॅलेत राहणाऱ्या दोघांसाठी फहाहीलचं अंतर वेगवेगळं आहे, आणि नकाशावर ते एकच दिसतं.

मला विचाराल तर नऊ प्रश्नांच्या आधी एक दहावा घालावा: गेल्या सुट्टीच्या दिवशी तुम्हाला कुठे जायचं होतं, आणि का जमलं नाही? तो बसस्टॉपवर विचारून उपयोग नाही, कारण तिथे पोचलेलेच भेटतात. घरी जाऊन विचारावा लागेल, हिंदीत, बंगालीत, तागालोगमध्ये, सिंहलीत. आणि मालक त्या खोलीत नसताना.